सातवा थांबा

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे लार्चहिल दफनभूमीतल्या कथाफेरीचा दिवस. दुपारी एकला फाटकाशी टेबल मांडून त्यावर सफरचंदाच्या रसाचे जग आणि साखरेत घोळवलेले डोनट ठेवले की लव्हिनिया ऑस्टरहाउटला आपण अजून कामाच्या आहोत असं वाटायचं. एरवी ती गावातली एक त्र्याहत्तर वर्षांची अविवाहित म्हातारी होती.

फेरीतलं सगळं बोलणं अकरा वर्षं तीच लिहून देत आली होती. सहा कबरी, सहा माणसं. गावातली हौशी मंडळी जुने पोशाख घालून एकेका कबरीशी उभी राहत आणि आपणच तो मेलेला माणूस आहोत अशा थाटात पाच मिनिटं आपली हकिगत सांगत. पंधरा-पंधरा पाहुण्यांचे चार गट बग्ग्यांसाठी आखलेल्या वळणावळणाच्या रस्त्यानं फिरत, ऐकत, टाळ्या वाजवत आणि फाटकाशी परत येत. नियम एकच होता, तोही तिनंच घातलेला. शंभर वर्षांच्या आत गेलेल्या कोणाची गोष्ट सांगायची नाही. नातेवाईक अजून जिवंत असतात, असं ती कारण द्यायची.

तिच्या लहानपणी फेरीबिरी काही नव्हती. रविवारी चर्च सुटलं की सगळं गाव टोपल्या घेऊन इथेच यायचं, कारण गावात दुसरी बागच नव्हती. तळ्याकाठी चादरी पसरायच्या, कोणाच्या तरी पणजोबांच्या दगडाला पाठ टेकून उकडलेली अंडी खायची. मोठी माणसं पेंगुळली की तरुण मुलंमुली हळूच टेकडीमागे सटकायची. तिथे टेकडीतच खोदलेली दगडी कोठी होती. जानेवारीत जमीन गोठून कुदळ चालेनाशी झाली की शवपेट्या वसंतापर्यंत त्या कोठीत ठेवत. आता तिथे गवत कापायची यंत्रं असतात. पण कोठीच्या लोखंडी दारापुढच्या कमानीइतकी आडोशाची जागा तेव्हा सबंध गावात नव्हती. लव्हिनियाची थोरली बहीण कोरिन आपल्या प्रियकराला, मेरिल हॅकेटला, तिथेच भेटायची.

एकसष्ट सालच्या जानेवारीत कोरिन एकोणीस वर्षांची होती, लव्हिनिया पंधरा. आई नव्हती. वडील आठवड्यात चार वाक्यं बोलत. कोरिननं धाकटीच्या हाती चिठ्ठी दिली. मेरिलला नेऊन दे, आज सहाच्या बसनं निघायचंय, कोठीपाशी ये म्हणावं. लव्हिनियानं ती नेऊन दिली नाही. त्या मुक्या घरात वडिलांबरोबर एकटं राहायचं तिला नको होतं. बस चुकेल, ताई रागावून घरी येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

कोरिन बर्फ पडायला लागलं तरी थांबली. पहाटेपर्यंत थांबली. आठव्या दिवशी न्यूमोनियानं गेली आणि एप्रिलपर्यंत तिची पेटी त्याच कोठीत राहिली. चिठ्ठी लव्हिनियानं चुलीत घातली. गावानं ठरवलं, पोरानं ऐन वेळी दगा दिला. मेरिलच्या वडिलांच्या दुकानाची पायरी कोणी चढेना, आणि उन्हाळ्याच्या आत मेरिल ओहायोला निघून गेला.

बायको वारल्यावर, आठ वर्षांपूर्वी, तो परत आला. आता दर शुक्रवारी ती दोघं अग्निशामक दलाच्या हॉलमधल्या गावजेवणात तळलेला मासा खायला बरोबर जात. त्यानं तो विषय एकदाच काढला होता.

"ती दुसऱ्याच कोणाची तरी वाट बघत होती, विनी. कोणाची, ते मला जन्मभर कळलं नाही."

लव्हिनियानं सॉसची वाटी त्याच्याकडे सरकवली होती. पुढच्या शुक्रवारी सांगायचं, असं ती दर शुक्रवारी ठरवी. सांगितलं की शुक्रवार संपले, हेही तिला ठाऊक होतं.

फेरीत मेरिल गिरणीमालक जेडेडाया थॉर्न व्हायचा. शेवटचा, सहावा थांबा त्याचा. तिथून रस्ता कोठीवरून खाली फाटकाकडे येत असे.

पहिला गट पावणेदोनला परत आला. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं डोनट उचलत म्हटलं, "बाई, सगळ्यांत भारी ती सातवी."

"सहाच आहेत हो," लव्हिनिया हसली. "गिरणीमालकाला दोनदा मोजलंत वाटतं."

"त्या मिशावाल्याला? एकदा ऐकला तेवढा पुरे झाला."

गट फिरवायला शाळेच्या ग्रंथालयातली ब्रेंडा क्विग होती. ती पाणी प्यायला आली आणि तिनं लव्हिनियाच्या दंडाला कोपर मारलं. "मिस विनी, तुम्ही पक्क्या आहात हं! मलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीत."

"कशाचा?"

"निळ्या फ्रॉकवालीचा. कोठीपाशी उभी केलीत ती. कॉलेजातून आणलीत का? फक्त तिचे कपडे फार जुने वाटत नाहीत, माझ्या आईच्या फोटोत असतात तसले आहेत."

लव्हिनियाला वाटलं, कोणी नाटकवेडी मुलगी न विचारता घुसली असेल. अशा मुली असतात. तिनं वहीत लिहून ठेवलं: कोठीपाशी कोण, ते बघणे.

दुसऱ्या गटातल्या दोन बायका डोळे पुसत आल्या.

"ती ज्याची वाट बघते तो मुलगा येतच नाही हो," त्यांतली एक म्हणाली. "ती आपली उभी. सहाची बस खालून जाते, तिचे दिवेसुद्धा दिसतात तिला."

"छान लिहिलंय," दुसरी म्हणाली. "बसचं तर फारच."

लव्हिनिया रसाचा पेला भरत होती आणि तो भरून टेबलावर सांडायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं: सहाच्या बसची गोष्ट त्या चिठ्ठीखेरीज कुठेच नव्हती.

तिला टेबल सोडून जाता आलं असतं. ती गेली नाही. तिनं फडकं घेऊन टेबल पुसलं, मग कोरडं झालेलं टेबल पुन्हा पुसलं.

तिसरा गट कुरकुरतच आला.

"हे काही बरोबर नाही," एक गृहस्थ ब्रेंडाला म्हणत होते. "पत्रापर्यंत आणायचं आणि तिथेच सोडायचं?"

"कसलं पत्र?" लव्हिनियानं विचारलं.

"तिनं पत्र दिलेलं असतं ना कोणाकडे तरी. कोणाकडे, ते सांगेना. म्हणे पुढचं शेवटच्या गटाला सांगणार. म्हणजे आम्ही काय पुन्हा तिकीट काढायचं?"

शेवटच्या गटाबरोबर मेरिल खाली येत असे. त्याचं काम तिथे संपायचं.

"ब्रेंडा," लव्हिनिया म्हणाली, "या खेपेला तळ्याकडून आण त्यांना."

"तळ्याकडचा रस्ता उखडलाय की. तुम्हीच तर पाटी लावलीत." ब्रेंडानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "बरं वाटत नाही का? बसा जरा. डोनट खा."

ब्रेंडा शेवटचा गट घेऊन गेली. लव्हिनिया खुर्चीत बसली. चारची घंटा झाली. दुसऱ्या थांब्यावरच्या टाळ्या ऐकू आल्या, मग तिसऱ्या. पाचव्या टाळ्यांना ती उठली आणि उलट्या दिशेनं चढण चढू लागली. मेपलची पानं ओली होती. दोनदा तिला दगडांना धरून थांबावं लागलं, आणि थांबली असताना सहाव्या टाळ्या झाल्या.

ती वळणावर पोचली तेव्हा पंधरा माणसं कोठीपुढे अर्धवर्तुळात उभी होती. मेरिल पुढे होता, जेडेडाया थॉर्नच्या वेषात, चिकटवलेली मिशी उपटून हातात घेतलेली.

लोखंडी दार बंद होतं. दाराला कुलूप होतं. दारापुढे कोणी नव्हतं.

माणसं मात्र ऐकत होती. एका बाईनं हळूच मान हलवली. मग सगळी एकदम हसली, कोणी काही गमतीचं बोलल्यासारखी, आणि एकदम गप्प झाली.

लव्हिनियाला झाडांवरून टपकणारं पाणी ऐकू येत होतं. दुसरं काही नाही.

"कुठलं पत्र?" मेरिल म्हणाला.

तो ऐकत राहिला.

"मला नाही मिळालं. देवाशपथ, कोरिन. कोणाकडे दिलं होतंस?"

या वेळी तो बराच वेळ ऐकत होता. त्याची पाठ हळूहळू वाकत गेली. ब्रेंडानं तोंडावर हात ठेवला.

"पंधरा वर्षांची होती ती," मेरिल म्हणाला. "पोर होती गं."

पुन्हा ऐकणं.

"नाही. नाही, मी नाही रागावलो. या वयात कुठला राग?" तो थांबला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आणि तू?"

उत्तर लव्हिनियाला ऐकू आलं नाही. पंधरा जणांना आलं. त्यांनी एकाच वेळी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. आणि कोणी लहान मुलाला मारताना पाहिल्यावर परकी माणसं नजर वळवतात, तशी सगळ्यांनी नजर वळवली.

"काय म्हणाली ती?" लव्हिनियानं विचारलं. "ब्रेंडा, काय म्हणाली?"



मेरिल मागे वळला नाही. त्यानं अंगातला काळा लोकरी कोट उतरवला, झटकला आणि बाईमाणसाला बाह्या घालता याव्यात म्हणून धरतात तसा दोन्ही खांद्यांना धरून समोर उघडा धरला. क्षणभर तो तसाच थांबला. मग त्यानं हात सोडले.

माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि ती एकेक करून फाटकाकडे उतरू लागली. कोट गवतावर पडेल म्हणून लव्हिनिया वाट पाहत उभी राहिली.