तीनाला चार

बाबांच्या बोटीची घंटा वर आणायची, एवढंच काम होतं. बोट बुडाली तेव्हा बाबा सापडलेच नाहीत, आणि आईला हातात धरायला त्यांचं काहीतरी हवं होतं. पाणबुडेगिरीत मी आणि ताई दोघंही मुरलेलो. पण ही बोट साठ मीटरांच्याही खाली होती, आणि तिथे साधी हवा दारूसारखी चढते! म्हणून सिलिंडरमध्ये हेलियम मिसळायचं. ते चढत नाही.

“पुरेल ना दोघांना?” गॅस भरायच्या शेडमध्ये मी विचारलं. हेलियमच्या टाकीचा काटा तळाला टेकला होता.

“पुरलं,” ताई म्हणाली. “तू फक्त मुकाट्याने मागून ये.”

आपला सिलिंडर ज्याने त्याने तपासायचा, हा नियम. पण आमच्या घरात ताईने तपासलं की तपासलं! लहानपणी माझं दूधसुद्धा तीच आधी चाखायची, गरम आहे का म्हणून. आत काय भरलंय ते लिहिलेली पट्टी न वाचताच मी सिलिंडर पाठीवर घेतला.

बोटवाल्याने नांगर टाकला. त्याच्या दोराने आम्ही उतरलो. आधी निळं पाणी, मग करडं, आणि मग टॉर्चच्या उजेडाबाहेर काहीच नाही.

घंटा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवरच होती, पण जुन्या जाळ्यात गुरफटलेली. ताई सुरीने जाळं कापू लागली, मी घंटेला दोर बांधू लागलो. मध्येच मी तिला तीन बोटं दाखवली. ही आमची तपासणी. समोरच्याने एक जास्त दाखवायचं. चुकलं, तर काम टाकून वर!

ताईने तीनच दाखवली.

मी पुन्हा विचारलं. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

मला माझीच शंका आली. कारण चढलेल्याला आपल्याला चढलंय हे कळत नाही. तिने चार दाखवली असतील आणि मलाच तीन दिसली असतील तर? मी माझी बोटं मोजली. एक, दोन, तीन. बरोबर. पण बरोबर वाटतंय ते बरोबरच आहे कशावरून?

तेवढ्यात सुरी वळली! मास्कमागचे ते डोळे मला ओळखत नव्हते. सुरीचं टोक माझ्या श्वासाच्या नळीवर आलं. मी तिचं मनगट पकडलं. तिने लाथ झाडली. दोराची एक गाठ बाकी होती. फक्त एक!

मी दोर सोडून दिला.

तिला पट्ट्याला धरून वर ओढलं. सावकाश, कारण घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन दोघंही गेलो असतो. ती झटत होती. मी रडत होतो, मास्कच्या आत. बरंच वर, जिथे हवा चढत नाही तिथे आल्यावर तिचं मनगट सैल पडलं. मी तीन बोटं पुढे केली.

चार!

मग थांबे घेत घेत वर. बोटीत तिचा सिलिंडर उतरवताना मी पट्टी वाचली. ‘हवा.’

“ताई, हे काय केलंस?”

“एकालाच पुरत होतं.” तिचे दात वाजत होते. “मला वाटलं, मला नाही चढायचं.”

“मारलं असतंस मला!”

“तुला नाही रे. तुझा सूट घालून भलताच कुणीतरी आला होता. तुझं काय केलंस, म्हणून त्याला विचारत होते मी.”



आई धक्क्यावर उभी होती. घंटा राहिली, हे कसं सांगायचं याचीच मी जुळवाजुळव करत होतो. तिने बोटीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आधी ताईच्या ओल्या डोक्याला हात लावला, मग माझ्या.

“दोन,” ती म्हणाली. “चला घरी.”