हवा लागलेला थर्मास

देवनहळ्ळीहून बस सुटली आणि माझ्या शेजारची सीट लगेच रिकामी झाली. मांडीवरच्या थर्मासात गाईच्या पोटातला रस होता. त्याला आंबूस, शेणकट वास येतो, त्याला मी काय करू? तरी एकजण येऊन बसला. सावळा, उंच, उगाच हसरा. माझा डोळा लागला... उघडला तेव्हा थर्मासचं झाकण त्याच्या हातात होतं.

"अय्यो, काय केलंत हे?"

"दूध नासलंय वाटलं," तोही मराठीतच म्हणाला.

भर बसमध्ये मी त्याला फैलावर घेतलं. हवा लागली की या रसातले जंतू मरतात. पीएचडीसाठी मला दाखवायचं होतं, की विषाणू एका जंतूचा गुण उचलून दुसऱ्याला देतात, औषधाला न जुमानण्याचा गुणसुद्धा. सरांनी बजावलं होतं, हा शेवटचा नमुना, नाही जमलं तर विषय बदल. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. महांतेश नाव, निपाणीकडचा, घरी म्हशी, आता बंगळुरात, कोरमंगलात पीजीत. उतरताना नंबर देऊन गेला.

मी काही हात टेकणारी नव्हे. जंतू मेले असतील, पण विषाणूंना हवेचं काय? गाळून तेवढेच घेतले आणि औषधाने हमखास मरणाऱ्या जंतूंत सोडले. सकाळी बघते तर बशीत औषध असूनही जंतू वाढलेले. जिवंत दुसरं काही नव्हतंच, म्हणजे गुण दिला तो विषाणूंनीच. सरांनी बशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, पुन्हा करून दाखव.

तोवर महांतेश रोज विचारायचा, जगलं का काही? आणि मी त्या मेसेजची वाट बघायला लागले होते, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी तीच बस. तो हात काखेत घालून बसला होता. मी थर्मास त्याच्या मांडीवर ठेवला.

"उघड."

"रम्या, नको... एकदा चुकलो तेवढं पुरे."

"एकदा झालं तर योगायोग म्हणतात. पुन्हा झालं तरच खरं मानतात."

त्याने झाकणावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. "आपली भेटही... एकदाच झाली होती."

"म्हणून तर पुन्हा बोलावलं. मला तू आवडतोस, महांतेश. आता उघड."

त्याने झाकण फिरवलं. वास पसरला, पुढच्या सीटवरची अज्जी नाकाला पदर लावून उठून गेली, आणि तो माझ्याजवळ आणखी सरकला.