भोंग्यावर सुटलेला रोजा

ऐंशी सालचा रमजान भर आषाढात आला होता. आकुर्डीत इनायतच्या गॅरेजात एका दुपारी एक उंच, गोरी मुलगी भिजत शिरली. हातात स्टोव्ह. लसीच्या सुया उकळायचा तो स्टोव्ह सकाळपासून रुसला होता.

इनायतने नळी सोडवली आणि तिच्यापुढे धरली. "फुंका."

"मी? मेकॅनिक तुम्ही की मी?" चक्क मराठीत.

"रॉकेल तोंडात गेलं तर माझा रोजा जाईल."

तिने फुंकलं. कचरा उडाला, तोंडभर रॉकेलची चव आली आणि नाकाला काजळी लागली. इनायत हसला नाही... म्हणजे, हसू दाबून बराच वेळ उभा राहिला.

ती आनेके. हॉलंडहून वर्षभराच्या सेवेला आलेली, घरोघर पोरांना लस टोचणारी. आठवड्याभरात इनायतच्या अम्मीची, कमरुन्निसाबींची ओसरीच तिचा दवाखाना झाली. स्वतःला रोजा असून त्या दुपारी तिच्यासाठी चहा टाकायच्या. तिला त्या चहाची लाज वाटू लागली.

"उद्या मीपण रोजा ठेवते," एक दिवस तिने जाहीर केलं.

"झेपेल?" इनायतने विचारलं.

"नाही झेपला तर हसा. त्या दिवशीचं हसू तुमच्याकडे शिल्लक आहेच."

दुसऱ्या दिवशी घोटभर पाणी न पिता तिने चाळीस पोरांना लस टोचली. सगळा मोहल्ला तिच्याकडे डोळे लावून होता. संध्याकाळी आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. ओसरीवर सगळे इफ्तारला बसले. सातला कंपनीचा ओव्हरटाइम सुटल्याचा भोंगा झाला, आणि आनेकेने मोठ्या भक्तीने खजूर तोंडात टाकला.

बाकी कुणाचाच हात हलला नव्हता. भोंगा कंपनीचा, सूर्य अल्लाचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अजानला अजून अकरा मिनिटं होती.

"गेला?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"गेला," कमरुन्निसाबी म्हणाल्या. "चुकून गेला, बेटी, गुन्हा नाही. ईदनंतर त्याच्या बदली एक ठेवतात."

पण ईदच्या दुसऱ्या दिवशी तर ती मायदेशी निघणार होती. ती तारीख इनायतला पाठ होती, आणि नकोशीही.

"तुमच्यावर कुठे फर्ज आहे?" तो मनाविरुद्ध बोलला. "तुम्ही निघा खुशाल..."

ती लालबुंद झाली. "अर्धवट काम टाकून मी कधी गेलेली नाही."

ईद झाली, शिरखुर्मा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी इनायत जड पायांनी रिक्षा घेऊन आला, तर आनेके ओसरीवर सुया मांडत बसलेली.

"तिकीट बदललं," ती म्हणाली. "आज माझा रोजा आहे."

त्या दिवशी रोजा खरं तर तिचाच. सोबतीला कमरुन्निसाबींनी ठेवला, आणि कुणाला न सांगता इनायतनेही. संध्याकाळी पुन्हा ढग. सात वाजले, भोंगा झाला. गल्लीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आनेकेचा हात मांडीवरून हललाही नाही. इनायतची छाती अशी फुगली, जणू रोजा त्यानेच शोधून काढला होता.

"बघितलंस?" कमरुन्निसाबी शेजारच्या कनीजला मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "पोरगी आपली आहे."

अजान झाली. इनायतने तिच्यापुढे खजूर धरला.

"झाला पुरा," तो म्हणाला. "आता... कधी निघणार?"

"ईदनंतर आणखी सहा रोजे असतात म्हणे."

"ते मर्जीचे. ठेवलेच पाहिजेत असं नाही."

"म्हणून तर ठेवणार." तिने खजुराचे दोन भाग केले आणि एक त्याच्या हातावर ठेवला. "रोजा अल्लासाठी असतो, हे अम्मींनी शिकवलं. थांबणं कुणासाठी — ते तुम्ही अजून विचारलंच नाही."

इनायतने विचारलं. अम्मींच्या देखत, भर ओसरीत, मान वर करून.

"तुमच्यासाठी," आनेके म्हणाली, आणि आवाज तिनेही खाली आणला नाही.