भुकेल्या शेतातला रविवार

रविवारी सकाळी क्लबच्या गाड्या आल्डसच्या फाटकापाशी लागल्या, तेव्हा धसकटांवर अजून दव होतं आणि बेरिल थर्टलचे गुडघे ठणकत होते. सातूची कापणी नुकतीच उरकली होती. नॉरफोक परगण्यात डिटेक्टर फिरवून मातीतल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधणाऱ्या अशा क्लबांची हीच लग्नसराई. पीक निघालेलं असतं, नांगर लागायचा असतो आणि शेतकऱ्याचा जीव जरा थंड झालेला असतो.

या तुकड्याला गावात ‘भुकेलं’ म्हणतात. “किती का शेणखत घाला, ढेकर म्हणून देत नाही,” नेव्हिल आल्डस फाटकाची साखळी सोडवत म्हणाला. त्याच्या बापाने जिवंत असेपर्यंत इथे कुणाला डिटेक्टर घेऊन पाय ठेवू दिला नव्हता. म्हातारा वसंतात गेला आणि क्लबचा अध्यक्ष डेनिस हॉल्स उन्हाळाभर नेव्हिलच्या मागे लागला.

“तुझ्या बाबांचं आमच्याशी काय वाकडं होतं रे?” डेनिसने विचारलं.

“तुमच्याशीच असं नाही. ज्याचं काही हरवलंय त्याने या शेतात वाकू नये, असं म्हणायचे. शेवटी शेवटी काहीही बोलायचे.” नेव्हिल स्वतः फाटकाबाहेरच थांबला. “खड्डे तेवढे बुजवा म्हणजे झालं.”

“काही हरवलं नाही असा माणूस आहे का इथे?” क्लबातला सिरिल म्हणाला. “माझे तर दातसुद्धा हरवलेत.”

सगळे हसले. बेरिलही हसली, कारण न हसणं लोकांच्या लक्षात येतं.

डेनिसने जन्मभर बस चालवली होती आणि उतारूंना सांगावेत तसे तो दर वेळी नियम सांगायचा. खड्डा केला की बुजवायचा. भंगार निघालं तरी खिशात घालायचं. मिळालेली वस्तू ओकच्या झाडाखालच्या टेबलावर दाखवायची. शेवटचा नियम फक्त बेरिलपुरता होता आणि तो कुणी बोलून दाखवत नसे. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून आवाज आला की तिने लाल झेंडी रोवायची आणि डेनिसने येऊन खणून द्यायचं.

क्लबात बेरिल सांगायची की तिला जुन्या गुंड्यांचा नाद आहे. खरं काय ते एकट्या डेनिसला ठाऊक होतं. वीसेक वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या एका दुपारी, तिचा दहा वर्षांचा रॉबी सायकल घेऊन बाहेर पडला तो परत आला नाही. सायकल रस्त्याकडेला सापडली. पोलीस आले, कुत्री आली, तळी उपसून झाली. नवरा दोन वर्षांनी घर सोडून गेला; त्याला तिने दोष दिला नाही. रॉबीच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली घराची पितळी किल्ली होती. ती कुलपात अडायची म्हणून नवऱ्याने तिचा एक दात कानशीने घासला होता. कापड कुजतं, नाडी कुजते. पितळ मातीत राहतं.

घराचं ते कुलूप तिने बदललं नव्हतं. दार उघडताना गुडघ्याने रेटा द्यावा लागे, शेजारीपाजारी टोकत, पण पोराकडे याच कुलपाची किल्ली होती. दुसरी तशीच किल्ली तिने मागच्या बागेत पुरली होती आणि संध्याकाळ झाली की हेडफोन लावून तिच्यावरून डिटेक्टर फिरवायची. तो आवाज कानाला इतका सरावला होता की हजारात ओळखता आला असता. एकेक शेत ती असं चाळत आली होती. किल्ली सापडावी असं तिला वाटायचं, आणि सापडली तर आपण जगणार नाही असंही वाटायचं.

पहिली आरोळी सिरिलची आली. तो निवृत्त पोस्टमन, आणि त्याच्या जिप्सी नावाच्या कुत्रीच्या गोष्टी ऐकून क्लबाचे कान किटले होते. त्याच्या हातात पत्र्याचा एक गोल बिल्ला होता. त्याने अंगठ्याने माती पुसली. बिल्ल्यावर जिप्सीचं नाव होतं आणि खाली सिरिलचा जुना पत्ता.

“अध्यक्ष महाराज, पेरणी केलीत वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

नाताळच्या सुमाराला क्लबात तशी पेरणी होत असे. डेनिस एखाद्या शेतात आदल्या दिवशी खोटी नाणी पुरून ठेवायचा आणि सगळ्यांनी ती शोधायची. डेनिसने कानावर हात ठेवले. “आईशप्पथ नाही. आणि याच्या कुत्रीचा बिल्ला मी आणू कुठून? ती तर किनाऱ्यावर हरवली होती.”

“डोंगर पोखरून आज उंदराऐवजी कुत्रा निघाला,” सिरिल म्हणाला. बिल्ला खिशात टाकून तो पुढे गेला.

दहाच्या चहाला सगळे ओकखाली जमले. सिरिल दर रविवारी सॉसेज रोलचा शेवटचा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. कुत्री जाऊन चार वर्षं झाली तरी ती सवय सुटली नव्हती. आज त्याने सगळा रोल खाल्ला आणि बोटं चाटली.

“जिप्सीला काही ठेवलं नाहीस?” बेरिलने हसत विचारलं.

“कुणाला?”

“अरे, जिप्सी. तुझी कुत्री.”

“मी कुठला कुत्री पाळतोय,” सिरिल म्हणाला. “दिवसभर कुत्री चावायची मला. पोस्टमन होतो मी, बाई.”

म्हातारा थट्टा करतोय असं तिला वाटलं. त्याचा चेहरा मात्र थट्टेचा नव्हता. तिचंच काहीतरी बिघडलंय अशा नजरेने तो तिच्याकडे बघत होता.

मग शीलाला लायटर मिळाला. शीला चाळिशीची, गावात केस कापायचं दुकान चालवणारी. तिचे वडील मागच्या हिवाळ्यात गेले, तेव्हापासून त्यांची ढगळ लोकरी टोपी तिच्या डोक्यावरून उतरली नव्हती. लायटर पितळी होता, खाली वडिलांच्या नावाची अक्षरं होती. “हा तर माल्टाच्या बंदरात पडला होता,” ती म्हणाली. “आरमारात असताना. मी जन्मायच्या आधी. समुद्रात पडला होता गं हा.” तिने तो बाहीवर घासला, मुठीत धरला आणि रडायला लागली. दोघीतिघी तिच्याभोवती जमल्या. आता कुणी पेरणीचं नाव काढलं नाही.

दुपारी बेरिल पाणी प्यायला फाटकाशी गेली तेव्हा शीला तिथे उभी होती. डोळे कोरडे होते. तिने टोपी काढून फाटकाच्या खांबावर अडकवली होती.

“कुणाची आहे गं ही?” शीला म्हणाली. “माझ्या डोक्यावर कशी आली कोण जाणे. तंबाखूचा वास मारतोय नुसता.”

“तुझ्या बाबांची आहे, शीला.”

“बाबा,” शीला म्हणाली. अनोळखी माणसाने वाटेत अडवावं तशी ती कसनुशी हसली. “असतील ना कुणीतरी. प्रत्येकाला असतातच.”

बेरिलने वळून शेताकडे बघितलं. शेतात पुष्कळ माणसं पाठ वाकवून चालली होती. कुणाच्या हाती अंगठी लागत होती, कुणाच्या हाती शाळेतलं पदक. माती पुसून ते वस्तू खिशात टाकायचे, खड्डा नीट बुजवायचे आणि हलक्या पावलांनी पुढे जायचे. आरोळ्या बंद झाल्या होत्या. टेबलावर दाखवायला कुणी काही आणत नव्हतं.

डेनिसला सांगायला हवं होतं. तो पार पलीकडच्या बांधाला होता, कानात हेडफोन. ती त्याच्या दिशेने निघाली. डिटेक्टर बंद करावा हे सुचलं नाही; हात सवयीने हलत राहिला, त्याची तबकडी धसकटांवरून इकडून तिकडे फिरत राहिली.

शेताच्या मध्यावर तिला तो आवाज आला.

तिने तबकडी उलटी फिरवली. पुन्हा तोच. बागेत रोज संध्याकाळी ऐकलेला, आधी गोल आणि शेवटी किंचित चिरका.

झेंडी रोवून झाल्यावर तिला कळलं की आपण झेंडी रोवली.

ती तिथेच उभी राहिली. पायाखाली वीतभर माती होती, आणि मातीखाली ते होतं ज्याच्यासाठी तिने आयुष्याची माती केली होती. तिच्याकडे रॉबीचं काय उरलं होतं? टोस्टच्या कडा तो बशीखाली लपवायचा. खोकला झाला की आवाज घोगरा करून मोठ्या माणसासारखा बोलायचा. ओले मोजे रेडिएटरवर ठेवायचा आणि घरभर वास. हे सगळं रोज दुखायचं, आणि या दुखण्याखेरीज ती त्याची आई उरली नव्हती.

नको, ती मनात म्हणाली. राहू दे तिला इथेच.

ती वळली आणि गाडीकडे चालू लागली. झेंडी उपटायला पाहिजे होती. ती उपटली तर जागा पुन्हा सापडणार नव्हती. तेवढं तिच्याच्याने झालं नाही.

गाडीत तिने खिडक्या वर केल्या आणि हात मांडीखाली दाबून बसली. डेनिस आला की त्याला सांगू. वेड लागलं म्हणेल, म्हणू दे. पण तिथे खणू नकोस म्हणावं.

निघायची शिट्टी वाजली. माणसं परतू लागली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि डेनिस नेहमीप्रमाणे शेवटच्या फेरीला निघाला. उघडा खड्डा राहिला का, कुणाची झेंडी राहिली का, हे बघितल्याशिवाय त्याने आजवर एकही शेत सोडलं नव्हतं.

बेरिल गाडीतून उतरली तेव्हा तो शेताच्या मध्यावर गुडघे टेकून बसला होता.

तिने हाक मारली. त्याच्या कानावर हेडफोन होते.

तिला पळता येत नव्हतं.

ती फाटकापर्यंत पोचली तोवर तो उठून तिच्याकडे येत होता. एक मूठ मिटलेली. तोंड वेडंवाकडं झालेलं.

“गुडघ्यांमुळे सोडून गेलीस ना?” तो म्हणाला. “बेरिल, सापडली गं. घासलेला दात आहे. तीच आहे.”

“नको, डेनिस.”

“मी खाली हातभर खोल बघितलं. काही नाही. अखंड चिकणमाती आहे, कधी कुणी खणलेलीच नाही. फक्त ही.” तो रडत होता. “पण ही तर तुझी आहे. घे.”

“माझ्या हातात देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.”

त्याला वाटलं, आईचं भय आहे. वीस वर्षांचं भय. त्याने तिचा हात हळूच ओढला, बोटं उलगडली आणि किल्ली तळव्यावर ठेवून मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

किल्ली गार होती. बेरिलने मूठ उघडून बघितली. जुनी पितळी किल्ली, एक दात कानशीने घासलेला.

“छान काम केलंय,” ती म्हणाली. “घरगुती दिसतंय. कुठे मिळाली?”

डेनिसने बाहीने डोळे पुसले.

“डेनिस? अरे, तू रडतोयस का?”

“रॉबीची आहे,” तो म्हणाला. “बेरिल, रॉबीची किल्ली.”

“मग देऊन टाक त्याला.” तिने किल्ली त्याच्या हातात परत ठेवली. “घराबाहेर अडकून बसला असेल बिचारा.”

डेनिस फाटकाच्या खांबाला टेकला. तिथे एक टोपी अडकवलेली होती, ती खाली पडली. बेरिलने ती झटकून पुन्हा वर ठेवली. त्याला काय झालंय हे तिला कळेना, म्हणून तिने थर्मासमधला उरलेला चहा त्याला ओतून दिला. दिवस बरा गेला होता. गुंडी मात्र एकही मिळाली नाही, आणि हे गुंड्यांचं खूळ आपल्या डोक्यात कधी शिरलं, हेही तिला आठवेना.

घरी पोचली तेव्हा दार नेहमीसारखंच अडलं. तिने गुडघ्याने रेटा दिला, कळ मस्तकात गेली. हे कुलूप आपण इतकी वर्षं का सोसलं असेल, याचं तिला नवल वाटलं. सकाळी उठून तिने कुलूपवाल्याला फोन केला.

“नव्या कुलपाच्या किल्ल्या किती करू, बाई?” त्याने विचारलं.

“एकच,” बेरिल म्हणाली. “मी एकटीच असते. पहिल्यापासून.”