दोनशे चौदावं पान

"तिसऱ्यांदा गेली!" मिसाकी वाचनालयाच्या फलकासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. सुट्टीतली सकाळची कवायत आटोपून ती, तिचा मित्र तेत्सु आणि तेत्सुची आठ वर्षांची बहीण योको थेट इकडेच आली होती.

फलकावर एकतीस चिठ्ठ्या होत्या आणि सगळ्या एकाच पुस्तकाबद्दल. गावातल्या बड्या तोबारी घराण्याची लेक शिझुए ऐंशी वर्षांपूर्वी ऐन चोविशीत गेली होती. तिचं चरित्र वाचून लोकांनी मतं लिहायची, आणि ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवशी, मतांची वही वाचनालयातल्या तिच्या स्मारकापुढे ठेवायची असं ठरलं होतं. फलकावर नव्हती ती फक्त तोमे आजीची चिठ्ठी.

तोमे आजी मिसाकीची शेजारीण. वय नव्वद, आणि त्यातली साठ वर्षं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढण्यात गेलेली. आता डोळ्यांना अक्षर दिसत नसे, म्हणून मिसाकीने सुट्टीभर तिला ते पुस्तक वाचून दाखवलं. खडकावरून शिझुएचा पाय घसरला, हे ऐकल्याबरोबर आजी ताडकन उठून बसली. मग तिने सांगितलं आणि मिसाकीने लिहिलं : 'शिझुएताईंचा पाय घसरला नाही. वादळात सापडलेल्या आम्हा मुलींसाठी त्या आपणहून पाण्यात उतरल्या. मी तिथे होते.'

"उद्या ओबोन," मिसाकी म्हणाली. "आजी काय म्हणते माहितेय? ताई वर्षातून एकदा घरी येणार, आणि आपण तिच्यापुढे खोटं ठेवणार. मी नाही ठेवू देणार."

तिने चौथी चिठ्ठी लिहून लावली आणि तिघं वर्तमानपत्रांच्या मांडणीमागे दडून बसली. पाव तासात पंख्याने वारा घेत नगर कचेरीतले सेगावाकाका आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी काढली आणि खिशात घातली.

"काका, ती आमची आहे," मिसाकी बाहेर येत म्हणाली.

काका दचकले. "अगं, पुस्तकाच्या उलट लिहून कसं चालेल? उद्या खुद्द तोबारी साहेब येणार. बाकीच्यांनी बघ किती छान लिहिलंय."

"बाकीच्यांनी?" तेत्सुने फलकाकडे पाहिलं. "एकतीस जणांचं अक्षर अगदी जुळ्यासारखं आहे हो."

"लोकांना वेळ नसतो. मी थोडी मदत केली." काकांचे कान लाल झाले.

"पुस्तक तरी वाचलंत?"

"शब्द न् शब्द. शेवटी तर रडलो मी," असं म्हणून काका भराभर निघून गेले.

योको एव्हाना पुस्तक घेऊन जमिनीवर बसली होती. रोज किती पानं वाचली, ते तिला शाळेच्या वहीत भरायचं असे, आणि वाचण्यापेक्षा भरण्यातच तिला जास्त रस होता. "ताई, दोनशे तेरानंतर दोनशे सोळा येतं का गं?"

मिसाकीने वाकून पाहिलं. दोन पानांच्या कडा छापखान्यात कापायच्याच राहून गेल्या होत्या. मधली दोनशे चौदा आणि पंधरा आत बंद. वाचनालयाच्या तिन्ही प्रतींची तीच गत! आजीला वाचून दाखवताना तिलाही ते कळलं नव्हतं, याची तिला मनापासून लाज वाटली.

तेत्सुने चाकू काढला. मिसाकीने त्याचा हात धरला.

"आत्ता कापलं तर काका म्हणतील, हे मी वाचलंच होतं. उद्या, सगळ्यांसमोर."

"आणि आतही पायच घसरलेला असला तर?"

"तर मग असला," ती म्हणाली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालय माणसांनी भरलं. पुढे शिझुएचे पुतणे, पंचाहत्तरीचे तोबारी साहेब बसले होते आणि अगदी मागे तोमे आजी. सेगावाकाकांनी वही पुढे केली तोच मिसाकी उभी राहिली.

"काका, दोनशे चौदाव्या पानाबद्दल तुमचं मत काय?"

"सुंदर! फारच हृदयस्पर्शी पान."

"मग वाचून दाखवता?" तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

काकांनी पान उलटलं. परत उलटलं. चाचपून पाहिलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

तोबारी साहेबांनी पुस्तक मागून घेतलं. "माझ्या घरच्या प्रतीत काय आहे, मलाही ठाऊक नाही," ते हळूच म्हणाले. "मीसुद्धा वाचलेलं नाही." त्यांनी तेत्सुकडून चाकू घेतला, कडा कापल्या आणि वाचू लागले.

"'पाय घसरल्याचे घराण्याने गावाला कळवले. पण तिच्या धाकट्या भावाने आपल्या वहीत वेगळेच लिहून ठेवले आहे : वडिलांनी बुड्या मारणाऱ्या मुलींत मिसळायला बंदी केली होती, तरी ताई त्यांच्यासाठी पाण्यात उतरली. वडिलांच्या धाकाने मी खोटे बोललो. चार मुली वाचल्या. सर्वांत लहान होती ती दहा वर्षांची, नाव...'" साहेब थांबले. त्यांनी मान वर केली. "'नाव तोमे.'"

मागे एक म्हातारी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. साहेब उठले, तिच्यापर्यंत गेले आणि कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. मग ते मुलांकडे वळले. "आमच्या घराला जे ऐंशी वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही सुट्टीत केलंत."

सेगावाकाकांनी मुकाट्याने खिशातल्या चिठ्ठ्या काढल्या, चारही.

"त्या राहू देत," तोमे आजी डोळे पुसत म्हणाली. "मिसाकी, नवी घे. लिही, पुस्तक खरं आहे. मी तिथे होते."