शिंपीकाकांचा उजवा गुडघा

सांधा तपासणं म्हणजे कणीक तिंबणं नव्हे, हे पोरींना सांगून सांगून माझा घसा बसला. आधी डोळ्यांनी बघा. मग उलटा हात ठेवून ऊब बघा, हलकेच दाबा, वाकवा. आणि दुखरी बाजू नेहमी दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. तरी दर वर्षी एखादा नग निघतोच.

यंदाचा नग म्हणजे मुकी. फारशी बोलायची नाही म्हणून पोरींनीच ठेवलेलं नाव. या खेपेला नापास झाली की नर्सिंग कायमचं बंद, बाप घरी न्यायला टपलेलाच. परीक्षेला तिच्या वाट्याला हाडांच्या वॉर्डातले शिंपीकाका आले. डावा गुडघा झिजलेला, उजवा पाय मांडीतून कापलेला.

डावा गुडघा तिने बरा तपासला. मग ती पलंगाला वळसा घालून गेली आणि जिथे नुसती चादर होती, तिथे उलटा हात हवेत धरला.

"गरम आहे. सूजही आहे," असं म्हणत तिने दोन बोटांनी हवा दाबली.

काका कळवळले. "हळू गं बाई!"

कपाळ माझं! बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या.

"डोळे घरी ठेवून आलीस का गं? पाय कुठाय तिथे?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्हीच सांगता ना, दोन्ही बाजू बघायच्या."

वर तोंड करून हे! तिने त्या नसलेल्या गुडघ्याखाली उशी सरकवली. काकांनी सुस्कारा सोडला. "कधीचा सांगतोय दुखतो म्हणून. हिनेच काय तो हात लावला."

उशी मधोमध दबली होती. आमच्या उशा जुन्या, कापसाचे गोळे झालेले. मी ती ओढून घेतली, तेव्हा हाताला ऊब लागली. खिडकीतून ऊन येत होतं, दुसरं काय!

मुकीला मी नापास केलं. रडली नाही बया. म्हणाली, "मॅडम, उशी तेवढी राहू द्या. नाहीतर सूज वाढेल."

दुसऱ्या दिवशी बाप तिला घेऊन गेला.

काकाही लवकरच घरी गेले, एकदम खुशीत. "दुखायचं थांबलं बघा. इथेच राहिलं वाटतं," म्हणाले. म्हातारी माणसं काहीही बरळतात.

त्या पलंगावर एक ड्रायव्हर आला. हात मोडलेला, पाय दोन्ही ठणठणीत. दुपारी मी पोरींना घेऊन वॉर्डात शिरले, तर याची कुरकुर सुरू. "सिस्टर, माझ्या पायाला कोणाचातरी पाय लागतोय."

"पलंगावर एकटेच आहात. लाडात येऊ नका."

"मग तुम्हीच बघा की."

बघितलं. पोरींना तेवढंच शिकायला. चादरीवरून उलटा हात फिरवला. डावा गुडघा गार. उजवा गार.

मधे चादर सपाट होती. पण माझा हात तिथे खाली टेकेना.

हात वरच अडला होता, चांगला उशीभर वर. आणि चटका बसत होता.

मी दोन बोटांनी दाबून बघितलं.

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.