देवाच्या दारात जोडे

प्राग शहराबद्दल लुंबिनी गजभारेचं सकाळपर्यंतचं मत असं होतं – दिसायला लई भारी, वागायला थंडगार. इमारती रंगीत साखरगाठींसारख्या. ट्राम इतकी वेळेवर, की मुदखेडच्या फलाटावर गाडीची वाट बघत मोठं झालेल्या माणसाला संशयच यावा. पण कुणाकडं बघून हसावं, तर तो माणूस मागे वळून बघायचा... ही नेमकी कुणाकडं बघून हसली? नाश्त्याला मिरची मागितली, तर वेटरनं ढोबळ्या मिरचीची एक फोड आणून दिली. तीही माफी मागत.

ती नांदेडहून इथं आली होती विद्यापीठातल्या पीएचडीच्या जागेसाठी. जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करायचं होतं. शेवटचा, समोरासमोरचा इंटरव्ह्यू आज दुपारी. यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. थोडा वेळ हाताशी होता, म्हणून ती चौकातल्या मोठ्या चर्चकडं वळली.

पायरीवर जोड्यांची रांग. चपला, सँडल, एक अंगठा तुटलेली कोल्हापुरी... लुंबिनीला एकदम बरं वाटलं. चला, यांच्यातही रीत आहे म्हणायची! तिनं इंटरव्ह्यूसाठी घेतलेले नवेकोरे काळे बूट रांगेच्या टोकाला नीट लावले आणि मोज्यांवरच आत गेली.

आत सगळे बूट घालून फिरत होते.

ती जागच्या जागी थिजली. आणि तेवढ्यात तिला बिनबुटाचे आणखी दोन पाय दिसले. राखाडी मोजे, त्यातल्या एकातून अंगठा बाहेर डोकावलेला. तिची नजर हळूहळू वर गेली – उंच, सावळा, आणि हसू दाबायचा अजिबात प्रयत्न न करणारा.

"नांदेड का लातूर?" त्यानं हळूच विचारलं.

"नांदेड... पण तुम्हाला कसं कळलं?"

"पायावरून."

"ज्योतिषी हायेत का तुम्ही?"

"न्हाई, इंजिनिअर. राजशेखर, उदगीरचा. इथं गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करून राहिलो. अन् ती माझी आई."

पुढच्या बाकावर गौरम्मा मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी उदगीरहून सहलीला आलेली मंडळी. देव कुणाचाही असो, चपला दारातच, असं फर्मान त्यांनीच सोडलं होतं.

"ये गं, बस. आडनाव काय?" गौरम्मांनी विचारलं.

"गजभारे. नांदेडचे. बौद्ध." पुढचा प्रश्न यायच्या आधीच लुंबिनीनं उत्तर देऊन टाकलं. सवय होती.

गौरम्मा क्षणभर गप्प झाल्या. मग पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. "तोंड सुकलंय तुझं. खा."

राजशेखर तिला चर्च दाखवत हिंडला. म्हणजे, बघत होता तिच्याकडंच.

"खिडकी तिकडं हाय," ती म्हणाली.

"रोज बघतो की खिडक्या."

लुंबिनीनं मान फिरवली. गाल मात्र उगाच गरम झाले – प्रागच्या एवढ्या थंडीत!

घड्याळ बघून ती घाईनं बाहेर आली, आणि दारातच थांबली.

जोड्यांभोवती ही गर्दी! कुणी फुलं ठेवलेली, कुणी मेणबत्त्या लावलेल्या. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. एक पोरगा डोळे मिटून व्हायोलिन वाजवत होता. तिच्या नव्या बुटांवर पांढरा गुलाब होता, आणि एक म्हातारी त्यांच्याकडं बघून डोळे पुसत होती.

राजशेखरनं एकाला त्यांच्या भाषेत विचारलं आणि कपाळाला हात लावला. "आपण गेलो, असं समजून राहिलेत."

"कुठं गेलो?" गौरम्मा.

"वरती, आई. हरवलेल्या, मेलेल्या माणसांची आठवण म्हणून कुणीतरी हे जोडे मांडलेत म्हणं."

"अय्यो! माझ्या चपलेला हार घातलाय की रे!"

"माझा इंटरव्ह्यू हाय!" लुंबिनीचा आवाज चिरका झाला. "आता निघाले न्हाई तर सगळं गेलं!"

पण जाणार कोण? एवढ्या लोकांच्या दुःखातून स्वतःचे बूट उचलायचे म्हणजे... उदगीरची मंडळी एकमेकांच्या मागे लपली.

लुंबिनीनं श्वास घेतला. पुढं झाली. गुलाब उचलून म्हातारीच्या हातात दिला, खाली बसली आणि शांतपणे नाड्या बांधू लागली. व्हायोलिन थांबलं. राजशेखरनं घसा खाकरून सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं – आमच्याकडं देवाच्या दारात जोडे काढतात, माणसं जिवंत आहेत, ही बघा.

म्हातारीनं लुंबिनीला गच्च मिठी मारली. मग कुणीतरी फस्सकन हसलं, आणि बघता बघता अख्खा चौक टाळ्या वाजवायला लागला. हेच ते थंडगार शहर! न पाहिलेल्या माणसांसाठी रडणारं... लुंबिनीनं सकाळचं मत मागं घेतलं.

"पळ!" राजशेखर ओरडला. त्याचे बूट मेणबत्त्यांच्या मधोमध अडकलेले, म्हणून तो तसाच मोज्यांवर तिच्याबरोबर दगडी रस्त्यानं पळाला. विद्यापीठाच्या दाराशी ती पोचली, तेव्हा आत तिचंच नाव पुकारत होते.

ती बाहेर आली, तेव्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती. तो ट्रामच्या थांब्यावर उभा होता. शोधत आलेली सगळी उदगीर मंडळीही शेजारी.

"काय झालं?"

"शेवटी विचारलं, परक्या शहरात एकटी राहशील का?"

"मग?"

"मी म्हणलं... एकटी कशाला?"

"म्हणजे... घेतलं?"

"घेतलं! तिथल्या तिथं सांगितलं!"

मंडळींनी असा जल्लोष केला, की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या.

"लुंबिनी," तो हळूच म्हणाला, "सकाळीच भेटलोय, मला कळतंय. पण आमच्याकडं बघायच्या कार्यक्रमात याहून कमी वेळ देतात. मला तू आवडलीस. तुला मी..?"

"आधी तुझ्या आईला विचार. माझं आडनाव ऐकून गप्प झाल्या होत्या."

गौरम्मांनी ते ऐकलं. पदर सावरत पुढं आल्या. "झाले होते गप्प. खोटं कशाला बोलू? जुनी खोड हाय, पटकन जात न्हाई. पण तिथं आम्ही सगळे लपलो अन् पुढं गेलीस ती तू. आता मला काय विचारून राहिलात? तिचं काय म्हणणं हाय, ते ऐकू द्या की!"

"हो!"

लुंबिनी इतक्या जोरात ओरडली, की नुकतीच सुटलेली ट्राम गचकन थांबली. आपल्यालाच हाक मारली असं वाटून ड्रायव्हरनं दारं उघडली, आणि या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडं बघून आधी हसलं.

"कुठं जाते ही?" राजशेखरचा हात धरून वर चढत तिनं विचारलं.

"काय म्हाईत!" तो म्हणाला, आणि मागून सगळं उदगीर चढलं.